शस्त्रक्रियेनंतरचा बिजागरीचा नी ब्रेस : सहा आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

उडी मारून खाली येताना माझा डावा गुडघा आत वळला, आतून ‘कट्ट’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा फुगला. एमआरआयमध्ये दोन दुखापती दिसल्या. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारे अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे सगळे ज्याला एसीएल म्हणतात ते, पूर्ण तुटले होते. शिवाय आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधल्या अर्धचंद्राकृती गादीला, उभी चीर गेली होती. पाच आठवड्यांनी, सूज उतरून गुडघा पुन्हा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचे दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, काढून, ते दुमडून चौपदरी करून त्यांचे नवे लिगामेंट बसवले आणि मेनिस्कस टाके घालून शिवला. मला बाहेर आणले तेव्हा पायावर मांडीपासून पोटरीच्या खालपर्यंत एक काळा ब्रेस होता. पुढचे सहा आठवडे, व्यायामाची आणि अंघोळीची वेळ सोडली तर, तो दिवसरात्र माझ्या पायावर राहिला.

या ब्रेसच्या खोक्यावर ‘लिगामेंटचे संपूर्ण संरक्षण’ असे छापलेले होते. तो घालणारा जवळजवळ प्रत्येक रुग्ण असेच समजतो की नव्या लिगामेंटला जपण्याचे काम हा ब्रेस करतो. मीही तसेच समजत होते. सहा आठवडे तो वापरल्यावर आणि या विषयावरचे संशोधन जमेल तेवढे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की वस्तू चांगली आहे, उपयोगीही आहे, पण तिचा उपयोग खोक्यावर छापला आहे त्यापेक्षा वेगळा आहे. हा फरक कळला नाही तर माणूस ब्रेसवर नको तिथे विसंबतो आणि जिथे खरोखर विसंबायला हवे तिथे हलगर्जीपणा करतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दुकानात ‘नी ब्रेस’ या एकाच नावाखाली अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८४ मध्ये त्यांचे तीन प्रकार ठरवले होते आणि ती विभागणी आजही कामाची आहे : दुखापत होऊ नये म्हणून निरोगी गुडघ्यावर घालायचा ब्रेस, शस्त्रक्रियेनंतर हालचाल ठरावीक मर्यादेत ठेवणारा ब्रेस, आणि लिगामेंट कमकुवत असलेल्या गुडघ्याला खेळताना आधार देणारा ‘फंक्शनल’ ब्रेस. मला लावलेला ब्रेस दुसऱ्या प्रकारातला होता. लवचिक कापडाची साधी नी कॅप या तिन्हींत बसत नाही. तिच्यामुळे गुडघ्याला ऊब आणि थोडा दाब मिळतो, पण हाडांची हालचाल ती अडवू शकत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूबद्दल. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या, त्यांच्या मधोमध गुडघ्याच्या पातळीवर एकेक बिजागरी, मांडीला दोन आणि पोटरीला दोन असे वेल्क्रोचे चार पट्टे, आणि आतून फोमच्या गाद्या अशी तिची रचना आहे. सगळी करामत बिजागरीच्या तबकडीत आहे. तबकडीच्या कडेला दहा-दहा अंशांच्या अंतराने खुणा आहेत. एका खुंटीने पाय किती सरळ होऊ द्यायचा ते ठरते, दुसरीने किती वाकू द्यायचा ते ठरते, आणि एक तिसरी कळ खाली सरकवली की पाय शून्य अंशावर, म्हणजे सरळ अवस्थेत, कुलूपबंद होतो. खुंट्या नखाने सरकवता येतील इतक्या सैल नाहीत आणि अवजार शोधावे लागेल इतक्या घट्टही नाहीत. रात्री झोपेत चादर अडकून एखादी खुंटी सरकेल अशी मला सुरुवातीला धास्ती होती, पण सहा आठवड्यांत तसे एकदाही झाले नाही. बिजागरीच्या बनावटीला माझ्याकडून पूर्ण गुण.

पण तिची जागा चुकली तर तिचा उपयोग नाही. गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा एका आसावर फिरत नाही. मांडीचे हाड नडगीवर गडगडते आणि त्याच वेळी घसरतेही, आणि पाय सरळ होण्याच्या शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेरच्या बाजूला वळून सांधा जागेवर पक्का बसवते. धातूच्या बिजागरीला ही हालचाल हुबेहूब करता येत नाही, त्यामुळे ती निदान योग्य उंचीवर तरी असावी लागते. माझा ब्रेस पहिल्या दिवशी गुडघ्याच्या वाटीच्या मध्याला नेमका बसवला होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो जवळजवळ दोन बोटे खाली उतरला होता. मांडी वरून रुंद आणि खाली निमुळती असल्यामुळे हा ब्रेस खाली घसरणारच, आणि हा या प्रकारच्या ब्रेसचा सर्वांत मोठा दोष आहे. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्यावर उपाय सांगितला. ‘‘वरचे पट्टे कितीही आवळलेत तरी तो खाली येणारच. आधी गुडघ्याच्या लगेच खालचा, पोटरीच्या फुगवट्याच्या वरचा पट्टा बसवा. ब्रेस त्याच्यावर टेकतो. मग मांडीचा खालचा, आणि उरलेले दोन शेवटी.’’ बिजागरीचा मध्य कुठे यायला हवा तिथे त्यांनी त्वचेवर पेनने एक ठिपका काढून दिला. त्यानंतर रोज सकाळी तो ठिपका पाहून ब्रेस लावण्याची सवय लागली आणि घसरणे बंद झाले नाही तरी आटोक्यात आले. हे इतके साधे मार्गदर्शन वस्तूबरोबरच्या माहितीपत्रकात नाही. तिथे पट्ट्यांना क्रमांक आहेत, पण तो क्रम वरून खाली असा आहे आणि तो चुकीचा आहे.

पट्ट्यांवरून आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती दुखापतीपेक्षा वाईट ठरू शकली असती. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या रात्री ड्रेसिंग बदलल्यावर ज्या कर्मचाऱ्याने ब्रेस पुन्हा लावला त्याने गुडघ्याखालचा पट्टा फार आवळला आणि बाहेरच्या पट्टीची फोमची गादी जागेवरून सरकलेली तशीच राहिली. पहाटे जाग आली तेव्हा पावलाचा वरचा भाग बधिर होता आणि अंगठा वर उचलताना जोर लागत नव्हता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाला एक हाडाचा उंचवटा लागतो. ते फिब्युलाचे, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचे, डोके. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस त्याच्या मानेला वळसा घालून अगदी त्वचेखालून जाते आणि तिथे सतत दाब पडला तर ती मलूल होते. मी ताबडतोब पट्टा सैल केला, परिचारिकेला बोलावले, डॉक्टरांनी येऊन तपासले आणि दुपारपर्यंत बधिरपणा गेला. मी सुदैवी ठरले. हा ब्रेस ज्यांना लावला जाईल त्यांनी पहिल्या दिवसापासून पाऊल आणि अंगठा वर उचलून पाहावा, आणि पावलावर मुंग्या आल्या तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आता मुख्य प्रश्न : हा ब्रेस करतो तरी काय?

पहिले काम म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत पाय सावरणे. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्यात सूज असते आणि सुजलेल्या सांध्याकडून मिळणाऱ्या संवेदनांमुळे मज्जारज्जूच मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, आखडते घ्यायला लावतो. स्नायू तुटलेला नसतो, तरी तो हुकूम ऐकत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची होती. उजव्या पायाने तसे केले की वाटी वर सरकायची आणि मांडी दगडासारखी व्हायची, डाव्या पायाला मी सांगत राहिले तरी मांडीवर नुसती एक थरथर उमटायची. अशा पायावर उभे राहिले तर गुडघा एकदम दगा देतो. कुलूप लावलेला ब्रेस आणि कुबड्या या दोन्हींच्या आधाराने मी तिसऱ्या दिवशी चालू लागले. सरळ पाय न वाकवता उचलता येऊ लागल्यावर, सोळाव्या दिवशी, चालण्यापुरते ते कुलूप उघडले.

दुसरे काम मेनिस्कसच्या टाक्यांचे. पाय जसा जास्त वाकतो तसा मेनिस्कसच्या मागच्या भागावरचा भार वाढतो, म्हणून शिवलेल्या मेनिस्कसला पहिले चार ते सहा आठवडे नव्वद अंशांपलीकडे वाकू न देण्याची पद्धत अनेक शल्यचिकित्सक पाळतात. माझी खुंटी आधी साठवर आणि नंतर नव्वदवर होती. इथे ब्रेस खरोखर पहारेकरी ठरतो, कारण झोपेत कूस बदलताना किंवा खुर्चीवरून उठताना माणूस नकळत पाय किती वाकवतो याचा त्याला अंदाज नसतो. खुंटीला बिजागरी थडकल्याचा ‘टक्’ आवाज मी दिवसातून अनेकदा ऐकला, आणि तो प्रत्येक आवाज म्हणजे टाक्यांवर न पडलेला ताण होता. केवळ यासाठीसुद्धा मी हा ब्रेस पुन्हा घालेन.

पाय सरळ ठेवण्याच्या बाबतीत मात्र त्याची एक उणीव आहे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा शेवटचे तीन-पाच अंश सरळ न होणे ही वरवर किरकोळ वाटणारी पण दीर्घकाळ छळणारी अडचण असते. चाल बिघडते, वाटीच्या मागे दुखते, आणि कधी कधी नव्या लिगामेंटच्या पुढे तंतुमय गाठ तयार होऊन ती सांध्यात अडकते. तबकडी शून्य दाखवत असली म्हणजे गुडघा शून्यावर आहे असे नाही, कारण पट्टी आणि हाड यांच्यामध्ये फोम आहे, मांस आहे, सूज आहे. पलंगावर पाय पसरून ब्रेसला कुलूप लावले असतानाही माझा तळहात गुडघ्याखालून आरामात आरपार जात असे. २००३ मध्ये मिकेलसेन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या यादृच्छिक चाचणीत, म्हणजे कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचणीत, ब्रेस शून्याऐवजी उणे पाच अंशांवर, म्हणजे किंचित उलट्या बाकावर, ठेवलेल्या रुग्णांमध्ये सरळपणातील तूट कमी आढळली. माझ्या ब्रेसच्या तबकडीत उणे अंशांची खूणच नाही. निर्मात्यांनी ती द्यायला हवी होती. तोवर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघ्याखाली काहीही न ठेवता, पाय आपल्याच वजनाने सरळ होऊ देणे हा व्यायाम मला ब्रेसपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडला.

राहता राहिले ‘लिगामेंटचे संपूर्ण संरक्षण’. नव्या लिगामेंटचे या काळात काय होत असते हे समजले की या दाव्याचे वजन कळते. तरुण माणसाचे शाबूत एसीएल तुटायला सरासरी सुमारे २१६० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २२० किलो वजनाइतके बल लागते, असे वू आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मोजून दाखवले होते. चौपदरी हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, म्हणजे माझ्यासारखे टेंडनचे बसवलेले नवे लिगामेंट, प्रयोगशाळेत याहून अधिक बल सोसतो. तेव्हा पहिल्या दिवशी दोरी कमजोर नसते. कमजोर असते ती तिची पकड. हाडात पाडलेल्या बोगद्यात टेंडन बसवलेला असतो आणि तो हाडाशी एकजीव व्हायला वेळ लागतो. रोडिओ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात आठव्या आठवड्यापर्यंत ओढल्यावर टेंडन बोगद्यातून निसटत होता, बाराव्या आठवड्यात मात्र तो तिथून सुटेनासा झाला होता. याच काळात खुद्द ग्राफ्टमध्येही उलथापालथ चालू असते : रक्तपुरवठा तुटलेल्या टेंडनमधल्या मूळ पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी आत शिरतात, आणि टेंडन हळूहळू लिगामेंटचे रूप घेऊ लागतो. प्राण्यांवरील अभ्यासांत या पुनर्रचनेच्या पहिल्या महिन्यांत ग्राफ्टची ताकद बरीच घटलेली दिसते. गंमत नव्हे, गंभीर बाब अशी की नेमके तेव्हाच रुग्णाला बरे वाटू लागते, सूज उतरलेली असते आणि ब्रेस निघालेला असतो. खऱ्या धोक्याच्या मोठ्या भागात ही वस्तू पायावर नसतेच.

आणि पायावर असते तेव्हा? व्हरमाँट विद्यापीठात बायनन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या एसीएलवरच सूक्ष्म संवेदक बसवून, ब्रेस लावून आणि न लावता, लिगामेंट किती ताणले जाते ते मोजले. नडगीला पुढे ढकलणारे बल कमी असेपर्यंत ब्रेसने ताण कमी केला. खेळताना पडतो तसल्या मोठ्या बलांची गोष्ट वेगळी. कारण उघड आहे. ब्रेस हाडाला धरत नाही, मांसाला धरतो, आणि मांस दबते. खोक्यावरच्या दाव्याला सरळ उत्तर २००७ मध्ये राइट आणि फेट्झर यांनी घेतलेल्या आढाव्यात आहे : यादृच्छिक चाचण्या एकत्र पाहिल्या तर एसीएल पुनर्रचनेनंतर ब्रेस लावल्याने वेदना, हालचाल, ग्राफ्टची घट्टता किंवा पुन्हा दुखापत यांपैकी कशातही फायदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून आज अनेक शल्यचिकित्सक केवळ एसीएलची शस्त्रक्रिया असेल आणि मेनिस्कस शिवलेला नसेल तर ब्रेस देतच नाहीत. तुम्हाला दिला नाही तर हयगय झाली असे समजू नका, आणि दिला असेल तर तो कशासाठी दिला हे नक्की विचारा.

किरकोळ बाबी थोडक्यात. फोमच्या गाद्या सुट्या होतात आणि धुता येतात, पण वाळायला पूर्ण दिवस घेतात, तेव्हा दुसरा संच सोबत हवा होता. तो येत नाही. आतल्या बाजूची बिजागरी दुसऱ्या गुडघ्याला घासते. वेल्क्रोने शेवटपर्यंत पकड सोडली नाही. मांडीच्या वरच्या पट्ट्याने मात्र मला एक अनपेक्षित माहिती दिली : पहिल्या दिवशी त्याचे टोक जिथे येत होते तिथे खूण केली होती, आणि चौथ्या आठवड्यात तेवढाच घट्ट बसवल्यावर ते टोक त्या खुणेच्या चार सेंटिमीटर पुढे जाऊ लागले. सूज उतरल्याचा भाग त्यात होताच, पण उरलेली सगळी माझी आटलेली मांडी होती. टेपने मोजलेल्या आकड्यापेक्षा त्या लोंबत्या टोकाने मला व्यायामाला अधिक नेटाने बसवले.

ब्रेस निघाल्यावर, सहाव्या महिन्यात, त्याच दुकानातून मला खेळण्यासाठी फंक्शनल ब्रेस घेण्याचा सल्ला मिळाला. याबाबतचा पुरावा एकतर्फी नाही आणि तो तसा आहे असे भासवणे बरोबर होणार नाही. अमेरिकेतील तीन लष्करी अकादमींमध्ये एसीएल पुनर्रचना झालेल्या सुमारे १०० जणांना ब्रेस आणि ब्रेसविना अशा दोन गटांत विभागून केलेल्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, दोन्ही गटांत फरक आढळला नाही. उलट २००६ मध्ये स्टेरेट आणि सहकाऱ्यांनी एसीएल पुनर्रचना झालेल्या, बर्फावर स्कीइंग करणाऱ्या ८२० कर्मचाऱ्यांचा मागोवा घेतला तेव्हा ब्रेस न घालणाऱ्यांत पुन्हा दुखापतीचा संभव २.७४ पट दिसला. मात्र तिथे ब्रेस कोणी घालायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. स्कीइंगमध्ये लांब पट्टी पायाला जखडलेली असते आणि तिची तरफ गुडघ्यावर येते, तेव्हा तिथला निष्कर्ष उडी मारून उतरण्याच्या खेळाला जसाच्या तसा लावावा असे मला वाटत नाही. माझ्यासारखी दुखापत पाय जमिनीला टेकल्यानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास होऊन जाते. त्या वेळात जे काही सावरते ते आधीपासून तयार असलेल्या स्नायूंनी.

मला निर्णय घ्यायला मदत झाली ती ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासाची. त्यात एसीएल पुनर्रचना झालेल्या १०६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा होता, आणि खेळात परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके लांबवले तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर ५१ टक्क्यांनी कमी होत गेला. परतण्यापूर्वीच्या चाचण्या पार न केलेल्यांपैकी ३८.२ टक्के जणांना पुन्हा दुखापत झाली, पार केलेल्यांत हेच प्रमाण ५.६ टक्के होते. त्या चाचण्यांत एक अट अशी होती की शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या क्वाड्रिसेप्सची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. मी फंक्शनल ब्रेस घेतला नाही. नवव्या महिन्यात यंत्रावर ताकद मोजली तेव्हा माझ्या डाव्या पायाचा आकडा ८४ टक्के आला. एका पायावरच्या लांब उडीत दोन्ही पाय जवळजवळ सारखे होते, गुडघा दुखत नव्हता, आणि तरीही मॅडमनी नाही म्हटले. पुढची चाचणी सहा आठवड्यांनी आहे.